मुलांच्या हाती यंत्र

लहान मुलाच्या हाती खेळणे दिले की ते प्रथम त्याच्याशी खेळते आणि मग ते उघडून पाहते. या दुसऱ्या क्रियेला घरात आपण मोडतोड म्हणतो. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत तिलाच जिज्ञासा असे भारदस्त नाव आहे. एकाच कृत्याला ही दोन नावे का पडावीत याचा विचार केला, तर त्याचे उत्तर मुलाच्या स्वभावात सापडत नाही, वस्तूच्या किमतीत सापडते. जत्रेत घेतलेली भिंगरी उघडली तर आई हसते. वडिलांचे घड्याळ उघडले तर पाठीत धपाटा बसतो. मूल तेच, हात तेच, कुतूहलही तेच. फरक पडतो तो एवढाच की, पहिल्या वेळी चुकण्याचा खर्च घराला परवडतो आणि दुसऱ्या वेळी परवडत नाही.

मुलांना संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकवावी, त्यांच्याकडून लहानसहान यंत्रे करवून घ्यावीत, या कल्पनेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहू लागलो की हा परवडण्याचा प्रश्न पावलोपावली भेटतो. त्या इतिहासाची थोडी उजळणी करावी, आणि आपल्या देशातील शाळांना त्यापासून काय घेता येईल ते पाहावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

ज्या वस्तूविषयी मी बोलत आहे ती अनेक श्रोत्यांच्या घरात कदाचित आली नसेल, म्हणून तिचे वर्णन प्रथम केले पाहिजे. एक छोटी पेटी असते. तीत पत्त्याच्या पानाएवढी एक पाटी असते आणि त्या पाटीवर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर मावणारा अगदी लहान संगणक बसविलेला असतो. सोबत मसुराएवढे-वाटाण्याएवढे काही दिवे, रंगीत तारा, एखादी छोटी मोटर, उजेड किंवा उष्णता ओळखणारे सेन्सर असतात. तारा खोचावयाच्या; डाख द्यावा लागत नाही. मग घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकावर चार ओळींच्या आज्ञा लिहावयाच्या, 'दिवा एक सेकंद लाव, एक सेकंद विझव, पुन्हा तेच कर', आणि त्या तारेवाटे पाटीवर उतरवावयाच्या. दिवा उघडमीट करू लागतो. पाहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते. करणाऱ्या मुलाला मात्र तो दिवा आपल्या शब्दाने लागला हे ठाऊक असते.

मुलांना यंत्ररचना शिकविणाऱ्या पेट्या या काही नव्या नाहीत. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे मेकॅनो या नावाने जगभर गेले आणि आपल्याकडच्या सुखवस्तू घरांतही आले. १९३४ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्टच्या कॉसमॉस या प्रकाशनसंस्थेने मुलांना स्वतःचा रेडिओ जोडता यावा असा 'रेडिओमान' नावाचा संच काढला. १९६० नंतरच्या दशकात फिलिप्स कंपनीने ट्रान्झिस्टरचे संच विक्रीस आणले. त्यांत डाख न देता स्प्रिंगमध्ये तारा अडकवून जोडणी करता येत असे. या सर्व खेळण्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांतील यंत्र जसे जोडले तसेच वागे. रेडिओ जोडला तर तो रेडिओच. त्याची घंटा करावयाची तर सारे सोडून पुन्हा जोडावे लागे. तीच जोडणी ठेवून केवळ वाक्य बदलावे आणि यंत्राची वागणूक बदलावी, ही गोष्ट संगणक आल्याखेरीज शक्य नव्हती.

ती शक्य आहे आणि लहान मुलांनाही साधण्यासारखी आहे हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत सेमूर पॅपर्ट यांचे नाव अग्रभागी आहे. १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा गणिती जिनिव्हात ज्याँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाबरोबर काही वर्षे काम करून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत, म्हणजे एम. आय. टी. मध्ये आला. १९६७ साली त्यांनी वॉली फॉयरत्साइग, सिंथिया सॉलोमन इत्यादी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. थोड्याच काळात त्या भाषेला एक कासव मिळाले. हे कासव म्हणजे चाकांवर चालणारे, पोटाशी लेखणी बांधलेले यंत्र. मुलाने 'शंभर पावले पुढे जा, उजवीकडे नव्वद अंश वळ' अशी आज्ञा चार वेळा द्यावी आणि जमिनीवर पसरलेल्या कागदावर कासवाने चौकोन काढावा.

चौकोन सहज जमतो. खरी मौज त्रिकोणात आहे. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो हे मुलाने वहीत लिहिलेले असते. म्हणून ते कासवाला साठ अंश वळावयास सांगते. कासव तीन बाजू काढते आणि त्रिकोण न होता अर्धा षट्कोन होऊन बसतो. मूल चक्रावते, स्वतः उठून कासवासारखे चालून पाहते आणि मग त्याच्या ध्यानात येते की, चालणाऱ्याला वळावे लागते ते आतल्या कोनाने नव्हे, बाहेरच्या कोनाने. म्हणजे एकशेवीस अंशांनी. हा भेद फळ्यावर दहा वेळा सांगूनही जितका ठसत नाही तितका तो एका फसलेल्या त्रिकोणाने ठसतो. पॅपर्ट यांच्या विचाराचे सार यात आहे. चूक ही गुण कापण्याची जागा नसून शोध घेण्याची जागा आहे, असे त्यांनी मानले आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात ते सविस्तर मांडले.

विचार थोर होता, परंतु त्याच्या पाठीशी असलेले यंत्र फार महाग होते. त्या काळचा संगणक कपाटांच्या रांगेएवढा असे आणि कासव त्याला तारेने बांधलेले असे. असा संगणक एखाद्या संशोधनसंस्थेच्या दारी असावयाचा. त्याच्याशी बोलण्याची संधी काही थोड्या मुलांना, तीही पाळीपाळीने मिळावयाची. चुकण्याचे स्वातंत्र्य ज्यांच्यासाठी मागितले होते त्यांतील बहुतेकांना चुकावयाला यंत्रच मिळत नव्हते.

पुढचा टप्पा इंग्लंडमध्ये आला आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटावे असे त्यात एक आहे. तो एका प्रसारणसंस्थेने घडविला. बी. बी. सी. ने संगणकसाक्षरतेची मोहीम हाती घेतली. दूरचित्रवाणीवर धडे द्यावयाचे तर प्रेक्षकांपाशी एकसारखे यंत्र हवे, म्हणून केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून ते करवून घेतले आणि १९८१ च्या डिसेंबरात 'बी. बी. सी. मायक्रो' बाजारात आला. त्याच्या साध्या नमुन्याची आरंभीची किंमत २३५ पौंड होती. शाळांना निम्मा खर्च सरकार देई. त्या देशातील एका पिढीने पडद्यावर आपली पहिली आज्ञा लिहिली ती बहुधा याच यंत्रावर.

हेच यंत्र भारतातही आले. १९८४ साली आपल्या केंद्र शासनाने 'क्लास' या नावाने ओळखली जाणारी शालेय संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली आणि आरंभी सुमारे अडीचशे शाळांना बी. बी. सी. मायक्रो पुरविले. त्या काळी एवढ्या विस्तीर्ण देशात असे पाऊल टाकणे धाडसाचे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु परदेशी यंत्र, त्याची किंमत आणि त्याच्या दुरुस्तीची अडचण यांमुळे शाळांत त्याच्याभोवती सोवळ्याचे वातावरण निर्माण झाले. पुढील दशकात माझ्यासारखे विद्यार्थी शाळेच्या संगणककक्षात गेले ते पादत्राणे बाहेर काढून. खिडक्यांना जाड पडदे, यंत्रांवर झाकणे, एका यंत्रासमोर तिघे, आणि आठवड्यातून एक तास. शिक्षकांनी सांगितलेली कळ दाबावयाची आणि दुसऱ्या कोणत्याही कळीला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. देवघरात जितके यंत्रशास्त्र शिकता येईल तितकेच तेथे शिकता आले.

१९९८ मध्ये डेन्मार्कच्या लेगो कंपनीने पॅपर्ट यांच्या ग्रंथाचेच नाव देऊन रोबो बनविण्याचा संच काढला. तो सुंदर होता, मजबूत होता. जगभर त्याच्या स्पर्धा भरल्या. २०२२ अखेर कंपनीने तो बंद केला. मात्र जोवर तो होता तोवर आपल्याकडील सामान्य शाळेला तो परवडण्यासारखा नव्हता आणि ज्या थोड्या शाळांनी घेतला त्यांतही त्याचे सुटे भाग मोजून देण्याची व मोजून परत घेण्याचीच धांदल अधिक असे.

खरे वळण आले ते उत्तर इटलीतील इव्रेआ या लहानशा गावी. टंकलेखनयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑलिवेट्टी कंपनीचे हे गाव. तेथील एका रचनाशिक्षणसंस्थेत कलेचे व रचनेचे विद्यार्थी शिकत. त्यांना यंत्रे हवी होती, पण बाजारातील पाट्या महाग आणि अभियंत्यांसाठी केलेल्या. कोलंबियाहून आलेल्या एर्नान्दो बार्रागान या विद्यार्थ्याने २००३ च्या सुमारास आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची सोपी पाटी व तिची भाषा तयार केली. तिच्या आधारे २००५ साली मास्सिमो बान्झी, दाविद क्वार्तिएयेस, डेव्हिड मेलिस आदी मंडळींनी अधिक स्वस्त पाटी बनविली आणि ज्या पानगृहात ते जमत त्याचे 'आर्दुइनो' हे नाव तिला दिले. हे नाव मुळात अकराव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजाचे. आज जगभर तिला आर्डुइनो म्हणतात.

ही पाटी स्वस्त कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण स्वस्ताई आपोआप अवतरत नसते. एक तर, तिच्यातील चिप कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघणारी साधी चिप होती. दुसरे असे की, तिची किंमत खर्चावरून काढली गेली नाही. मित्रांबरोबर बाहेर एक वेळ पिझ्झा खाण्यास जेवढे पैसे लागतात तेवढ्यात, म्हणजे सुमारे तीस डॉलरांत, ती बसलीच पाहिजे असे आधी ठरविले आणि मग त्यानुसार रचना केली. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ती शिक्षणसंस्था बंद पडण्याच्या वाटेवर होती. संस्थेबरोबर आपले कामही लोपेल, या भीतीने या मंडळींनी पाटीचा सारा आराखडा लोकांना खुला केला. कोणीही तो पाहावा, कोणीही तशी पाटी करून विकावी. केवळ नाव वापरू नये. परिणाम असा झाला की, दूरदूरच्या कारखान्यांतून तिच्या प्रतिकृती निघू लागल्या. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तशी पाटी काही शे रुपयांत मिळते.

त्यानंतरची दोन पावले पुन्हा इंग्लंडमध्ये पडली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या व तयारी खालावत चालली आहे, हे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले. घरोघरचे जुने, आज्ञा लिहिण्यास आमंत्रण देणारे संगणक जाऊन त्यांच्या जागी नुसती खेळण्याची व पाहण्याची यंत्रे आली, हे त्याचे कारण असावे असे त्यांनी अनुमान बांधले. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला त्यांचा 'रास्पबेरी पाय' हा ३५ डॉलरांचा संपूर्ण संगणक विक्रीस आला. २०१५ च्या नोव्हेंबरात त्याचा पाच डॉलरांचा लहान भाऊ निघाला आणि तो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट वाटण्यात आला. दिवाळी अंकाबरोबर दिनदर्शिका मिळावी तसा अंकाबरोबर संगणक मिळाला.

२०१६ साली बी. बी. सी. ने पुन्हा पुढाकार घेतला आणि 'मायक्रोबिट' नावाची पंचवीस दिव्यांची, दोन बटणांची छोटी पाटी ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना विनामूल्य दिली. सुमारे दहा लक्ष पाट्या वाटल्या गेल्या. या योजनेतील एक तपशील फार बोलका आहे. पाटी शाळेच्या मालकीची नव्हती. ती त्या मुलाची होती. त्याने ती घरी न्यावी, सायकलला बांधावी, हरवावी किंवा बिघडवावी. १९८१ मध्ये शाळेला यंत्र मिळाले होते. २०१६ मध्ये ते मुलाला मिळाले. पस्तीस वर्षांत यंत्र लहान झाले आणि मुलाचा हक्क मोठा झाला.

आपल्याकडे स्वस्त साधनांनी शिकविण्याची परंपरा या पाट्यांहून जुनी आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली सुरू झाला. त्या चळवळीतच अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे यांपासून गरिबाचा मेकॅनो उभा केला. पुढे पुण्यात राहून त्यांनी असंख्य खेळणी मुलांच्या हाती दिली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला आणि २००२ मध्ये, जगातील अगदी आरंभीच्या 'फॅब लॅब'पैकी एक, या खेड्यात निघाली. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी तेथे हातांनी काम करीत यंत्रविद्या शिकावी, अशी ती योजना.

शासनानेही मागे न राहता २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' ही योजना राबविली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रत्येक निवडलेल्या शाळेला वीस लक्ष रुपयांपर्यंत अनुदान. त्यातून या पाट्या, सेन्सर, हत्यारे आणि त्रिमितीय मुद्रणाचे यंत्र घ्यावयाचे. दहा हजार शाळांत असे कक्ष स्थापन झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांतून आणखी पन्नास हजार कक्षांची घोषणा झाली. म्हणजे पैशाचा प्रश्न काही अंशी सुटला. साधने आता दाराशी आली आहेत.

ती मुलांच्या हाती पोचतील काय, हा प्रश्न मात्र उरतोच. मी शासनसेवेत असल्यामुळे त्याची एक बाजू मला अधिक परिचित आहे. शाळेत पेटी येते. तिच्यावर रंगाने क्रमांक पडतो. जिला आपण सारेच डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो त्या वहीत तिची नोंद होते, नोंदीखाली मुख्याध्यापकांची स्वाक्षरी होते आणि पेटी कपाटात जाते. उद्या बदली झाली तर पुढचा अधिकारी ती मोजून घेणार. लेखापरीक्षणात एक पाटी कमी भरली तर वसुली निघणार. आणि बिघडलेली वस्तू वहीतून कमी करावयाची तर निर्लेखनाचा प्रस्ताव वरपर्यंत जाऊन यावयाचा. अशा स्थितीत जो मुख्याध्यापक कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. नियमांनी त्याला जे शिकविले तेच तो करीत आहे. पाटी स्वस्त झाली. परंतु ती मोडण्याचे प्रायश्चित्त स्वस्त झाले नाही. बाजारात जी वस्तू काही शे रुपयांची आहे ती वहीत शिरताच वडिलांच्या घड्याळाइतकी महाग होते.

वस्तुतः यातून वाट काढण्यास नव्या कायद्याची गरज नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत टिकाऊ साधने आणि उपभोग्य वस्तू यांचे हिशोब वेगळे ठेवण्याची तरतूद आहेच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल संपते, परीक्षानळी फुटते. त्याची नोंद फुटतुटीच्या वहीत होते आणि नव्या वर्षी नवा माल येतो. परीक्षानळी फुटली नाही तर प्रयोगच झाले नाहीत असे आपण समजतो. हीच दृष्टी या पाट्यांकडे का वळू नये? मुलाने रेझिस्टर न लावता दिवा जोडला तर तो दिवा जळणार. मोटर थेट पाटीच्या पायाला जोडली तर पाटीही निकामी होऊ शकणार. दिवा एक-दोन रुपयांचा आहे. तो जळाल्यावर विद्युत्प्रवाहाला आवर का घालावा लागतो हे मुलाला जन्मभर विसरता येत नाही. एवढ्या अल्प खर्चात एवढा टिकाऊ पाठ दुसरा कोणता आहे?

यावर कोणी म्हणेल, गरीब देशात सरकारी पैशाने घेतलेल्या वस्तू मोडावयाची मुभा देणे म्हणजे उधळपट्टीला उत्तेजन देणे होय. शंका रास्त आहे. परंतु पाच वर्षे कपाटात धूळ खाऊन कालबाह्य झालेली पेटी ही उधळपट्टी नव्हे काय? तिची मोजणी बरोबर भरते, एवढ्याने ती सार्थकी लागली असे होत नाही. दुसरीही शंका योग्य आहे की, स्वस्त संच घेतले म्हणजे शिक्षण झाले असे नाही. छापील कृतीप्रमाणे तारा खोचून सर्वांनी सारखाच रोबो पळविला तर तो पाठांतराचाच नवा प्रकार होईल. होशंगाबादच्या कार्यक्रमाचे बळ केवळ त्याच्या पेटीत नव्हते. शिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांच्या नियमित बैठका आणि संपलेल्या साहित्याची वेळच्या वेळी भरपाई यांत होते. तो कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने थांबविला, तरी त्याचा हा धडा थांबण्याचे कारण नाही. शिक्षकालाच जर चुकण्याची धास्ती असेल तर तो मुलांना चुकण्याचे धैर्य कोठून देणार?

साठ वर्षांच्या या कथेत यंत्राची किंमत उतरविणारे पुष्कळ झाले: कोणी चिप सोपी केली, कोणी आराखडा खुला केला, कोणी संगणक मासिकाला चिकटविला. शेवटची पायरी मात्र अभियंत्यांच्या हाती नाही. ती पालक, शिक्षक आणि माझ्यासारखे वह्या सांभाळणारे लोक यांच्या हाती आहे. यापुढे एखाद्या शाळेची तपासणी करताना पेट्यांची मोजणी अवश्य करावी; परंतु वर्षभरात किती दिवे जळाले, किती तारा तुटल्या आणि किती पाट्या निकामी झाल्या, हेही विचारावे. त्या रकान्यात शून्य आढळले, तर खुलासा त्याचा मागावा.